जिवतीचा कागद : एक चित्रपाठ

गेल्या श्रावणातली गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गात महाभारतातील जरासंधाची कथा चालली होती. कथा संपता संपता मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, ही जरा म्हणजे आमच्या घरी भिंतीवर चिकटवतात तीच का? मग आम्ही राक्षसीची पूजा करतो की काय?" वर्गात हशा पिकला. आम्हीही क्षणभर हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या मुलीला आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर अर्धवट होते. पुढे काही दिवस वाचून, विचारून आणि मुख्यतः त्या कागदाकडे नीट पाहून जे ध्यानात आले, ते या वार्षिक अंकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आमची मायबोली कोंकणी. आमचे घर कारवारकडचे. आमच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी व रविवारी बायका दूर्वा आणि रानफुले यांच्या लहान लहान जुड्या केळीच्या तंतूने बांधतात. त्यांना 'चूडी' म्हणतात. त्या तुळशीला वाहतात, उंबऱ्यावर ठेवतात, थोरामोठ्यांना देऊन नमस्कार करतात. त्या पूजेत चित्र नाही. देवीचे चित्र भिंतीवर चिकटवून त्याला माळ घालायची, हा प्रकार आम्ही प्रथम पाहिला तो जनवाड्यास नोकरीनिमित्त आल्यावर, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात. त्यांना आम्ही काकू म्हणतो. देवघराशेजारी पोपडे धरलेल्या भिंतीवर एक पातळ, स्वस्त, काळ्या रेघांनी छापलेला कागद चिकटवलेला होता आणि त्यावर आघाड्याची व दूर्वांची माळ लोंबत होती. आम्हांला वाटले, कॅलेंडर असेल. एका अर्थी ते खरेही निघाले.

हा जिवतीचा कागद म्हणजे एक चित्र नव्हे. एका चौकटीत बसविलेली चार चित्रे आहेत. बहुतेक कागदांत वरच्या बाजूस खांबातून प्रकटलेला नरसिंह असतो. त्याच्या मांडीवर हिरण्यकशिपू आणि बाजूला हात जोडून उभा असलेला बाळ प्रल्हाद. त्याच्याजवळच कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. मधोमध जरा आणि जिवंतिका. या दोघींच्या अंगाखांद्यावर, मांडीवर, पायाशी मुलेच मुले, शिवाय एखादा पाळणा. सर्वांत खाली बुध आणि बृहस्पती. बहुधा बुध हत्तीवर बसून हातात अंकुश घेतलेला, तर बृहस्पती वाघावर बसून हातात चाबूक घेतलेला दिसतो. चित्रकाराने यांतील कोणतेही दृश्य दुसऱ्याशी जोडलेले नाही. नरसिंहाच्या खांबाला कालियाच्या डोहाशी काही कर्तव्य नाही. मग ही मंडळी एका कागदावर आली कशी?

याचे उत्तर वारांत आहे. नागपंचमीला कालियाच्या चित्राची पूजा, श्रावणी शनिवारी नरसिंहाची, बुधवारी व गुरुवारी बुध-बृहस्पतींची आणि शुक्रवारी जिवतीची. श्रावणाच्या आरंभी कागद एकदा चिकटवला की महिनाभर आज कोणाला माळ घालायची हे सांगणारे ते एक पंचांगच होऊन बसते. ज्या घरात वाचता येणारे कोणी नव्हते, त्या घरातल्या स्त्रीलाही हे पंचांग वाचता येत होते. कॅलेंडर म्हणून आम्ही जे समजलो होतो, ते अगदीच चुकीचे नव्हते असे म्हटले ते याच अर्थाने.

परंतु वार हा केवळ बाहेरचा धागा झाला. आतला धागा आमच्या मते मूल हा आहे. नरसिंह प्रकटला तो एका पोरासाठी. ज्याला त्याच्या बापानेच छळले, त्या प्रल्हादासाठी. कालियाच्या डोहात उतरणारा कृष्णही गाई राखणारा पोरच आहे, आणि त्या डोहाचे पाणी पिऊन त्याचे सवंगडी मूर्च्छित पडले होते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. आता खेड्यातल्या आईच्या डोळ्यांनी पाहा. घराबाहेर पडलेल्या मुलाला भय कशाचे? पाण्याचे, सापाचे, दुष्ट माणसाचे. पाळण्यातल्या बाळाला भय कशाचे? रोगाचे, नाव नसलेल्या, रात्रीतून येऊन सकाळी पाळणा रिकामा करून जाणाऱ्या रोगाचे. त्यासाठी जरा-जिवंतिका. आणि यांतून वाचून मूल मोठे झाले, तर त्याला वाणी आणि विद्या हवी. त्यासाठी बुध आणि बृहस्पती. कागद वरून खाली वाचला तर मुलाचे आयुष्यच त्यावर मांडले आहे असे वाटते. ही आमची समजूत आहे. कोण्या ग्रंथात ती अशीच सांगितली आहे असा आमचा दावा नाही.

आता वर्गातल्या प्रश्नाकडे वळू. जरा ही राक्षसी खरी. सभापर्वात तिची कथा आहे. मगधाचा राजा बृहद्रथ याला दोन राण्या होत्या. काशीच्या राजाच्या त्या जुळ्या मुली. संतान नव्हते. चंडकौशिक मुनींनी राजाला एक आंबा दिला. राजाने दोघींवर सारखेच प्रेम करण्याचे वचन दिलेले, म्हणून दोघींनी तो अर्धा अर्धा खाल्ला. परिणाम असा झाला की दोघींच्या पोटी अर्धे अर्धे मूल जन्मले : एक डोळा, एक हात, एक पाय. भ्यालेल्या राण्यांनी ती दोन शकले दासींकरवी चव्हाट्यावर टाकून दिली. तेथे जरा नावाची राक्षसी आली. तिने ती खाण्यासाठी उचलली आणि नेण्यास सोपी जावीत म्हणून एकमेकांस जोडली. जोडताच बाळ जिवंत झाले आणि त्याने टाहो फोडला. जिला ते खायचे होते, तिला ते खाववेना. तिने ते राजाच्या हवाली केले. जरेने सांधला म्हणून तो जरासंध.

कथेतला यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. आणि आपल्या विषयाचे मर्म तर तेथेच आहे. राजाने तू कोण असे विचारल्यावर ती आपले नाव सांगते, आपण माणसांच्या घरोघरी वसत असतो असे म्हणते, आणि पुढे सांगते की जो कोणी भक्तीने मला तरुण रूपात, मुलाबाळांसह, भिंतीवर रेखाटील त्याच्या घराची भरभराट होईल. न रेखाटील त्याचा क्षय होईल. राजाने मग मगधात या राक्षसीचा मोठा उत्सव सुरू केला.

विद्यार्थीमित्रांनो, येथे जरा थांबा. राक्षसी काय मागते? मंदिर मागत नाही, बळी मागत नाही. ती चित्र मागते. आणि तेही भिंतीवर! मूळ संस्कृतात भिंतीला 'कुड्य' हा शब्द आहे. आपल्या मराठीतला 'कूड' त्याच घराण्यातला. चित्र काढण्यासाठी तेथे 'लिख्' हा धातू वापरला आहे. लिख् म्हणजे कोरणे, ओरखडणे, रेखाटणे, लिहिणे. प्राचीन काळी चित्र 'काढीत' नसत, 'लिहीत' असत. पालघर जिल्ह्यातल्या वारली लोकांत आजही लग्नाच्या घरी भिंतीवर चौक 'लिहितात'. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाच्या मधोमध पालघट ही देवी असते. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. त्यांच्यातले जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रे आता उशांच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या पेल्यांवरही दिसतात. परंतु त्यांचे मूळ स्थान लग्नघरातली भिंत आणि त्यांची नायिका पालघट, हे ती पेले विकत घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. असो.

आपल्या घरांतही छापील कागद येण्यापूर्वी बायका जिवती भिंतीवर गंधाने काढीत असत. काकूंनी आपल्या सासूला अशी काढताना पाहिले आहे. "चार रेघांची बाई आणि सहा ठिपक्यांची पोरं," असे त्या हसून सांगतात. छापखाने आले तेव्हा हे काम कागदावर गेले. पुण्यास १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. मुंबईस गिरगावात १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरींनी घरोघरच्या भिंती भरल्या. रविवर्म्याची सरस्वती खऱ्या स्त्रीसारखी बसते, तिच्या वस्त्राला चुण्या पडतात, मागे दूरचा देखावा दिसतो. जिवतीच्या कागदात यांतले काही नाही. तेथे बाई समोरून पाहते, तिला सावली पडत नाही, जे महत्त्वाचे ते मोठे आणि जे कमी महत्त्वाचे ते लहान. चित्रकलेच्या तासाला असे चित्र काढलेत तर प्रमाण चुकले म्हणून गुण जातील! पण हे चित्र चुकलेले नाही. रविवर्म्याची तसबीर पाहण्यासाठी आहे; जिवतीचा कागद वापरण्यासाठी आहे. एक चौकटीत बसून वर्षानुवर्षे राहते. दुसरा महिन्याभरात हळदीकुंकवाने माखतो, तुपाच्या डागांनी पारदर्शक होतो आणि श्रावण संपला की पाण्यात जातो. दरवर्षी नवा आणायचा हा त्याचा नियमच आहे.

कागदावर छापलेली देवी ही पूजेपूर्वी केवळ शाई असते. तिच्यात जे अर्थ येतात ते पूजेच्या साहित्याने. शुक्रवारी काकूंच्या घरी बसून आम्ही ते एक एक करून पाहिले. माळ आघाडा आणि दूर्वा यांची. या दोन वनस्पतींचीच निवड का? दूर्वेच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटते. एक काडी टाकली तर तेथे हिरवळ पसरते. आघाडा हा तण आहे, कोणी लावीत नाही, तरी जेथे तेथे उगवतो आणि त्याची बोंडे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यांना चिकटतात. ज्यांना उपटले तरी जात नाही अशा या दोन वनस्पती! बाळाच्या जिवाबद्दल आईला याहून वेगळे काय म्हणायचे असते? गुलाब-मोगऱ्याची माळ देखणी दिसली असती खरी, पण ती हे बोलली नसती. त्यानंतर कापसाचे वस्त्र, हळदकुंकू, दूधसाखरेचा आणि चणेफुटाण्यांचा नैवेद्य. पुरण शिजलेले असते. त्याच पुरणाचे लहान दिवे करून त्यांत तुपाच्या वाती लावतात आणि त्यांनी घरातल्या मुलांना ओवाळतात. दिवा देवीपुढे लागतो आणि ओवाळणी मुलाची होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवीच्या चित्रातली मुले आणि पाटावर बसलेली मुले त्या क्षणी एकाच रांगेत येतात.

आणि मग अक्षता. जी मुले परगावी आहेत त्यांना ओवाळायचे कसे? आई चारी दिशांना अक्षता टाकते. अक्षत म्हणजे न मोडलेला, न तुटलेला तांदूळ. मुलाच्या देहाबद्दलची इच्छा त्या एका शब्दात आली. यामागे शुक्रवारच्या कहाणीचा आधार आहे. त्या कहाणीत एका आईचे बाळ जन्मतःच चोरून राजवाड्यात नेले जाते. आपले मूल कोठे आहे, आहे की नाही, हे तिला माहीत नाही. ती शुक्रवारचे व्रत करते, तांदळाचे धुवण ओलांडीत नाही, कारल्याच्या मांडवाखालून जात नाही, आणि मूल जेथे असेल तेथे सुखरूप असावे एवढेच मागते. जिवती त्या मुलाला वाढवते व राखते. मूल परत मिळावे असे ती आई मागत नाही, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते.

काकूंचा एक मुलगा पुण्यास असतो, मुलगी हैदराबादला. त्यांनी पश्चिमेकडे तोंड करून अक्षता टाकल्या, पूर्वेकडे टाकल्या, मग दक्षिणेस आणि उत्तरेस. मुठीत चार दाणे राहिले होते. ते त्यांनी कागदावरच्या पाळण्याला बोटाने चिकटवले. कुंकवाच्या ओलाव्याने ते तेथे राहिले. आम्ही काही विचारले नाही. थोड्या वेळाने पुरणपोळी वाढताना त्यांनीच सांगितले की या दोघांच्या आधी एक मुलगी झाली होती, तीन महिन्यांची असताना तापाने गेली. "तिची दिशा कोणती, बाई? म्हणून पाळण्यात टाकते."

आमच्या आजीची सहा अपत्ये. त्यांतली दोन पाळण्यातच गेली. ही गोष्ट आमच्या घरी कोणी दुःखाने सांगत नसे. पाऊस किती झाला हे सांगावे तशी सांगत. आज नववीत बसलेल्या मुलांना हे विचित्र वाटेल. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ बालके वर्षाची होण्याआधी दगावत. २०२० च्या सरकारी पाहणीत तो आकडा २८ वर आला होता. तो लसीने, दवाखान्याने, शुद्ध पाण्याने आणि मुलींच्या शिक्षणाने उतरला, कागदाने नव्हे, हे आम्ही शिक्षक या नात्याने स्पष्ट सांगतो. पण ज्या आयांना यांतले काहीच मिळाले नव्हते, त्यांनी आपले भय कोठे ठेवावे? त्यांनी ते भिंतीवर लिहिले.

राक्षसीची पूजा का, याचे उत्तरही येथेच सापडते. जी मुले खाणारी, तिलाच मुले राखायला सांगायचे ही कल्पना केवळ आपल्या जिवतीत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीचे दालन आहे. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. हारीती ही यक्षी. तिला स्वतःची पाचशे मुले होती, पण ती लोकांची मुले खाई. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपविले. ती वेडीपिशी होऊन शोधू लागली, तेव्हा बुद्धाने तिला विचारले की पाचशेतले एक हरवले तर तुझी ही दशा होते, मग ज्यांना एकच होते त्यांचे काय? त्या दिवसापासून ती बालकांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्यास ती आपला पती पांचिक याच्या शेजारी मांडीवर मूल घेऊन बसली आहे. बाजूच्या भिंतींवर पूजेचे साहित्य घेऊन, मुलांना बरोबर घेऊन आलेल्या स्त्रिया रंगविल्या आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायका आणि शुक्रवारी काकूंच्या घरी हळदीकुंकवास जमलेल्या बायका यांत आम्हांला फारसे अंतर दिसले नाही. विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याची एक गोष्टही तेथे आहे. हारीतीच्या आसनाखालच्या पट्टीत शिल्पकाराने मुलांची शाळा कोरली आहे. गुरुजींच्या हाती छडी आहे. जवळची मुले अभ्यासात आहेत आणि मागची खेळण्यात दंग आहेत. मागच्या बाकाची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून कळावे!

जरा आणि हारीती या एकच, असे आम्ही म्हणत नाही. दोघींच्या कथा वेगळ्या, धर्म वेगळे. मात्र भयाला शत्रू म्हणून हाकलण्याऐवजी त्याला घरात जागा द्यायची, त्याचे नाव घ्यायचे, त्याला नैवेद्य दाखवायचा आणि त्याच्या मांडीवर मूल बसवायचे, ही रीत दोन्हीकडे आहे. कागदावरची जरा म्हणूनच अक्राळविक्राळ दिसत नाही. महाभारतातल्या अटीप्रमाणे ती तरुण आणि लेकुरवाळी असते.

बुध-बृहस्पतींचा विषय आम्ही मघाशी घाईने सोडला. त्यांच्या कहाणीविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या कहाणीत धाकटी सून दारी आलेल्या दोन पाहुण्यांना आपल्या घरचे दारिद्र्य कसे जाईल असे विचारते. ते तिला दोन बाहुली काढण्यास सांगतात. संपत्ती हवी तर ती पेटीवर काढावी, धान्य हवे तर कोठीवर. म्हणजे येथेही उपाय चित्राचाच! ज्या जागी उणीव, त्या जागी रेघ. फार खर्चाचे व्रत असते तर ते गरिबाच्या सुनेला सांगण्यात अर्थ नव्हता.

सटवाईची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बाळ जन्मल्यावर त्याच्या भाळावर नशीब लिहायला सटवाई रात्री येते अशी समजूत आहे. आमच्या कोंकणी घरात तिला सटी म्हणतात. त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या कागदावर घरातल्या कोणीही एक रेघसुद्धा ओढायची नाही. सकाळी तो कोराच असतो आणि तरी त्यावर सर्व लिहिलेले आहे असे मानतात. सटीच्या कागदावर देवी लिहिते, माणूस नाही. जिवतीच्या कागदावर माणूस देवीला लिहितो. लहानपणी आम्ही तो कोरा कागद उजेडात धरून पाहिला होता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. आमच्या मुलुखात देवी चित्रावाचूनही भेटते. सातेरी म्हणून आम्ही वारुळाला हात जोडतो. त्याला ना डोळे ना हात. जनवाड्यातल्या कागदाने आम्ही इतके चकित झालो याचे कारण कदाचित हेच असावे.

हा कागद केवळ मराठी घरांचा आहे, असेही कोणी समजू नये. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बीदर, औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. माणसांची वाटणी अशी नकाशासारखी होत नाही. श्रावणी शुक्रवारी कन्नड घरांतूनही जीवंतिकेचे पूजन होते. काकूंच्या हळदीकुंकवाला शेजारच्या घरच्या अक्का येतात. काकू मराठीतून बोलतात, अक्का कन्नडमधून, आणि दोघींना एकमेकींचे सगळे समजते. आम्हीच तेवढे मध्ये बसून दोन्ही भाषांत अडखळतो.

वर्गातल्या त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या आठवड्यात आपल्या घरचा कागद पाहून आणखी एक प्रश्न आणला. "बाई, यांतली सगळी बाळं मुलगेच आहेत. असं का?" आम्ही त्या शुक्रवारी काकूंकडचा कागद पुन्हा निरखला. तिचे म्हणणे खरे होते. या प्रश्नाला फाटे फोडून सारवासारव करता आली असती. 'पुत्र' या शब्दात मुलीही आल्या, असे म्हणता आले असते. परंतु ते खरे झाले नसते. ज्या समाजाने हे चित्र घडविले त्याला मुलगा हवा होता, आणि काही घरांत पुरणाच्या दिव्याने आजही फक्त मुलग्यांनाच ओवाळतात. ओवाळण्याच्या वेळी बहिणीने तबक धरून उभे राहायचे. आम्ही तिला हे असेच सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग काकूंच्या पाळण्यातली?" काकूंच्या अक्षतांची गोष्ट आम्ही वर्गात सांगितली होती. त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिनेच ते शोधले. पुढच्या चित्रकलेच्या तासाला तिने जिवती काढली. हातांचे प्रमाण चुकले होते, वाघ मांजरासारखा दिसत होता. पण देवीच्या मांडीवरच्या बाळाला दोन वेण्या होत्या. शेवटच्या शुक्रवारी ते चित्र तिने काकूंना नेऊन दिले. काकूंनी ते छापील कागदाच्या शेजारी चिकटवले. आधी थोडा वेळ हातात धरून बसल्या, मग भाताची शिते लावून चिकटवले. माळ मात्र दोन्हींना मिळून एकच घातली. आघाडा त्या दिवशी कमी मिळाला होता.

येत्या श्रावणात ज्यांच्या घरी हा कागद लागेल, त्या विद्यार्थ्यांनी तो पाण्यात जाण्यापूर्वी त्याची नक्कल आपल्या चित्रकलेच्या वहीत उतरवून घ्यावी. छापखान्या-छापखान्यांच्या कागदांत फरक असतात. आपल्या घरच्या कागदात बुध कशावर बसला आहे, नरसिंह डावीकडे आहे की उजवीकडे, पाळणा आहे की नाही, मुले किती आहेत आणि त्यांत एखादी मुलगी आहे का, हे नोंदवावे. आजी किंवा पणजी असेल तर ती गंधाने जिवती कशी काढीत असे ते विचारावे, आणि तिच्याच बोटाने एकदा काढून घ्यावे. कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुलांनी त्या पूजेतल्या वस्तूंची कन्नड नावे आवर्जून लिहावीत. आम्हांला ती शिकायची आहेत. वह्या भाद्रपदात, गौरी-गणपतीची सुट्टी संपल्यावर पाहू.